घणाखालचा रुपया

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात वर्धा नदीजवळच्या आर्वीच्या बाजारात फिरणारा चांदीचा रुपया घणाखालून निघत असे. त्याचे कूळ शेरशहा सूरीपर्यंत जाते. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्याने सुमारे १७८ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम, वजनाचा रुपया पाडला. मोगलांनी तो चालू ठेवला आणि मराठी टांकसाळींनी त्यांच्याकडून घेतला.

टांकसाळीत चांदी आधी शिशाबरोबर तापवून शुद्ध करीत. मग ठरलेली भेसळ घालून तिच्या कांबी ओतत आणि कांबीचे तुकडे पाडत. तुकडा तराजूत जड भरला तर कातरायचा, मग तापवून, ठोकून वाटोळा करायचा. खालचा छापा ऐरणीत पक्का बसवलेला असे. त्यावर चकती ठेवायची, वर दुसरा छापा धरायचा आणि घण घालायचा. छापा चकतीहून मोठा असल्यामुळे अख्खा मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरे. कडा वेडीवाकडी राही, आणि तिची चांदी कातरून घेतली तरी सहज कळत नसे. हेच दुखणे इंग्लंडच्या हातघडणीच्या पेनीलाही होते. तिथे १६६२ पासून नाणी यंत्रावर पडू लागली.

रुपयावर नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचे. १७५१ मध्ये ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि कटकच्या टांकसाळीत अहमदशहाच्या नावाचे रुपये तो गादीवरून गेल्यानंतरही पडत राहिले. यात दिल्लीवरील निष्ठेपेक्षा व्यवहार अधिक होता, कारण ओळखीचा छाप बाजारात बिनबोभाट चाले.

तरीही सगळे रुपये सारखे नव्हते. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, नागपूरचा नागपुरी, प्रत्येकाचा बट्टा, म्हणजे बदलताना होणारी कपात, निराळा. कस आणि झीज पाहून सराफ तो ठरवी, आणि तपासलेल्या नाण्यावर कधी आपली बारीक खूणही ठोकी. गावात नाणी पारखण्याचे काम पोतदाराकडे असे. राजाचा छाप असूनही रुपयाची खरी किंमत या पारख्यांच्या हाती होती.

रुपयारुपयातला हा फरक आर्वीला अधिक जवळचा. भोसले आणि इंग्रज यांच्यातील १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला, पूर्वेकडची आर्वी भोसल्यांकडे राहिली. गावापासून थोड्याच अंतरावरची नदी दोन राज्यांची हद्द झाली, आणि पलीकडच्या मुलखात निजामाच्या टांकसाळींचे रुपये चालत.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने आपल्या मुलखासाठी १८० ग्रेनचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकच रुपया ठरवला. तो यंत्रावर पडे. गोल, सारख्या जाडीचा, कडेला बारीक रेघा. कानस लागली की रेघांवरून चोरी उघडी पडे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. नदीच्या दोन्ही काठांवर आता कंपनीचाच अंमल आला. भोसल्यांच्या रुपयामागचे राज्य गेले. उरली ती चांदी, आणि ती वजनाने मोडीत निघू लागली.