चांद्याचे राजे: कागद काय सांगतात

शाका या झुलू राजावरची दहा भागांची मालिका १९८६ साली दक्षिण आफ्रिकेच्या दूरचित्रवाणीने दाखवली आणि अभिनेता हेन्री सेलेचा शाका जगभर पोचला. कथा मात्र उलगडते ती बरीचशी हेन्री फिन या इंग्रज व्यापाऱ्याच्या नजरेतून. फिनची रोजनिशी म्हणून आज जे वाचले जाते, त्यातला मोठा भाग त्याने पुढे आठवून लिहिलेला आहे. त्याचा सोबती नॅथॅनियल आयझॅक्स याचे १८३२ चे पत्रही टिकले आहे. झुलू राजे होतील तितके रक्तपिपासू रंगव, असा सल्ला तो त्यात फिनला देतो. एका पत्राने अख्ख्या साधनाचे वजन बदलते, ते असे.

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांवर अशी मालिका करायला कोणी बसले, तर त्याच्या हाती काय लागेल?

प्रसंगांना तोटा नाही. खांडक्या बल्लाळशाहाच्या अंगावरचे फोड झरपट नदीच्या पाण्याने बरे झाले. कपाळावर चांद असलेला ससा तिथे कुत्र्यामागे धावला, आणि राणीच्या सांगण्यावरून त्या धावेच्या मार्गावर परकोट उठला. कथा देखणी आहे, पण कुत्र्यावर उलटणारा ससा अहमदाबादच्या आणि विजयनगरच्या स्थापनेतही भेटतो. ती लोकस्मृती म्हणून जपावी. तिच्यावरून सन काढू नये.

सन काढण्याचा पहिला मोठा खटाटोप मेजर ल्युसी स्मिथ यांचा. चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा त्यांचा अहवाल १८६९–७० चा. भीम बल्लाळसिंहापासून नीलकंठशाहापर्यंत १९ राजांची यादी त्या काळी रूढ झाली. स्मिथ पहिल्याला इ.स. ८७० च्या सुमारास बसवतात. शेवट मात्र पक्का आहे: १७५१ मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. भागाकार करून पाहा. ८८१ वर्षे, १९ राजे. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ४६ वर्षे. एखादा राजा इतका टिकतो, सलग एकोणीस टिकत नाहीत.

नंतरच्या छापील वंशावळीत दुसरीच अडचण दिसते. खांडक्या १४७२ ते १४९७, हीरशाहा १४९७ ते १५२२, बाबाजी १५७२ ते १५९७, धुंड्या रामशाहा १५९७ ते १६२२. चारही राजवटी बरोबर २५ वर्षांच्या! मृत्यू असे पंचवीस-पंचविसाच्या हिशेबाने येत नाहीत. हे आकडे नोंदीतून आलेले नसून कोणीतरी अंदाजाने वाटून दिले असावेत, असे माझे मत आहे.

मग खुंटा ठोकायचा कुठे? त्यासाठी ‘ऐन-ए-अकबरी’ उघडावी लागते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना चांद्याच्या बाबजीव या गोंड जमीनदाराची नोंद करतो: १,००० स्वार, ४०,००० पायदळ. हिऱ्यांची खाण असलेले बिरागढ त्याच्या ताब्यात आहे, ते त्याने नुकतेच दुसऱ्या जमीनदाराकडून जिंकले आहे, आणि त्या भागात रानहत्ती पुष्कळ आहेत. बिरागढ म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले वैरागड. फौजेचा आकडा फुगलेला असू शकतो, पण ‘नुकतेच जिंकले’ ही नोंद समकालीन आहे. कथेतल्या राजाला पहिल्यांदाच परक्याच्या दप्तरात काळ आणि ठिकाण मिळते ते इथे.

हा बाबजीव म्हणजे आपल्या यादीतला चौदावा राजा, बाबाजी. त्याच्यानंतर पाच राजे आणि १७५१ पर्यंत सुमारे दीडशे वर्षे, म्हणजे सरासरी तीस. त्याच चालीने मागे गेलो तर दहावा खांडक्या पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात येतो आणि मूळ पुरुष तेराव्या शतकाच्या आगेमागे. हा माझा अंदाज आहे. यादीत एखादे नाव गळले किंवा घुसले असेल, तर तो कोसळतो.

आणि नावे घोटाळत असावीत, याची खूण १६६७ च्या नोंदीत मिळते. औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर आला तेव्हा तिथल्या राजाने मुलासह भेटून एक कोटी रुपये दंड कबूल केला. मोगल बखरकार त्याचे नाव मानजी मल्लार देतो. आपल्या यादीप्रमाणे तेव्हा गादीवर बीरशाहा हवा. ‘मल्लार’ हे ‘बल्लाळ’चे बिघडलेले रूप असू शकेल; ‘मानजी’चा उलगडा मात्र होत नाही. बीरशाहाची भव्य समाधी चंद्रपुरात आजही उभी आहे, त्यामुळे तो राजा काल्पनिक नाही. एकाच राजाची दोन नावे, की आपल्या यादीतली वर्षे चुकलेली? मला दुसरी शक्यता अधिक वाटते, पण सिद्ध करता येत नाही.

परकोटाच्या वेशींवर हत्तीला दाबून धरणारा सिंह कोरला आहे. राजांनी स्वतःबद्दल केलेल्या विधानांपैकी एवढे तरी आपल्यापाशी थेट पोचले आहे. बाकीचे दुसऱ्यांनी लिहिले: मोगल कारकुनांनी, मग इंग्रज अधिकाऱ्यांनी.

तिसरा आवाज परधानांचा. किंगरी या तंतुवाद्यावर गोंड राजवंश गाणारी ही मंडळी आजही चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रदेशात जेम्स स्टुअर्ट या अधिकाऱ्याने १८९७ पासून सुमारे पंचवीस वर्षे झुलू जाणत्यांच्या साक्षी टिपल्या, आणि प्रत्येकीवर सांगणाऱ्याचे नाव व तारीख घातली. म्हणूनच शाकाबद्दल फिन आणि आयझॅक्सची उलटतपासणी आज करता येते. चांद्यावर मालिका काढू पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे की, संहितेला हात घालण्यापूर्वी परधानांकडची वंशावळ अशीच, जशीच्या तशी, सांगणाऱ्याच्या नावानिशी आणि तारखेनिशी उतरवून घ्यावी, आणि बाबाजीच्या आधी व नंतर ते किती राजे मोजतात, हे सर्वांत आधी विचारावे.