पुतळा हलला आणि वेबसाईट बंद पडल्या: ‘राष्ट्रीय संस्कृती’ म्हणजे नक्की कोणाची?

सायबर सुरक्षेवर संशोधन करायचं म्हटलं की सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास येतं: ‘राष्ट्रीय संस्कृतीचा सायबर सुरक्षेवर परिणाम होतो.’ माझ्याही पहिल्या मसुद्यात ते होतं. गाईडनी त्याखाली रेघ मारून दोनच प्रश्न लिहिले: कोणाची संस्कृती? आणि कधीची? त्यांची उत्तरं शोधता शोधता मी एस्टोनियाच्या इतिहासाकडे वळले.

एस्टोनिया म्हणजे जेमतेम १३ लाख वस्तीचा देश. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला आणि २००५ मध्ये तिथे इंटरनेटवरून मतदानही सुरू झालं. एप्रिल २००७ मध्ये सरकारनं राजधानी टालिनमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा शहराच्या मध्यातून काढून लष्करी स्मशानभूमीत नेला. १९४७ साली उभारलेला हा पुतळा तिथल्या अनेक रशियन भाषिकांना नाझींवरच्या विजयाची खूण वाटे, तर अनेक एस्टोनियन भाषिकांना परक्यांनी देश बळकावल्याची. दंगल उसळली, एकाचा जीव गेला. लगोलग संसद, मंत्रालयं, बँका आणि वर्तमानपत्रांच्या वेबसाईटवर असंख्य संगणकांकडून एकाच वेळी मारा सुरू झाला. तो थांबून थांबून सुमारे तीन आठवडे चालला. संशय रशियावर होता, रशियन सरकारनं तो नाकारला. २००८ मध्ये या प्रकरणात दंड झाला तो टालिनमध्येच राहणाऱ्या एका रशियन भाषिक विद्यार्थ्याला.

आता आपल्या विषयात सर्रास वापरली जाणारी चौकट बघा. गीर्त हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या १९६७ ते १९७३ मधल्या पाहण्यांवरून देशांना गुण दिले: सत्तेतलं अंतर किती मानतात, अनिश्चितता किती टाळतात वगैरे. त्यांचं पुस्तक १९८० मध्ये आलं. त्या वेळी एस्टोनिया सोव्हिएत संघात होता, त्यामुळे मूळ यादीत तो असणं शक्यच नव्हतं. समजा नंतरचा एखादा आकडा घेतला, तरी तो सरासरीचा. पुतळ्याच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या माणसांची सरासरी काढून काय हाती लागणार? एका कंपनीच्या माणसांवरून अख्खं राष्ट्र कसं मोजायचं, हा आक्षेप ब्रेंडन मॅकस्विनी यांनी २००२ मध्येच घेतला होता.

मग संस्कृतीचा संबंधच नाही का? आहे, पण तो आकड्यापेक्षा आठवणीत जास्त दिसतो. एस्टोनियाचं ‘काइत्सेलीत’ हे नागरिकांचं स्वयंसेवी संरक्षण दल १९१८ चं. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेनं ते मोडलं, १९९० मध्ये ते पुन्हा उभं राहिलं आणि २०११ मध्ये त्यातच सायबर तुकडी सुरू झाली. संगणकतज्ज्ञ नोकरी सांभाळून तिथे काम करतात. २०१७ मध्ये एस्टोनियानं सरकारी नोंदींच्या प्रती लक्झेंबर्गमध्ये ठेवण्याचा करार केला, म्हणजे उद्या जमीन हातची गेली तरी राज्याचं दप्तर शाबूत राहील. एकदा अख्खं राज्य गमावलेल्या देशाला ही खबरदारी का सुचली, हे वेगळं सांगायला नको.

पण इथेही घाई नको. टालिनमधलं नाटोचं सायबर केंद्र २००८ मध्ये सुरू झालं, म्हणून ‘हल्ल्यामुळे केंद्र आलं’ असं पटकन लिहिलं जातं. प्रत्यक्षात एस्टोनियानं तो प्रस्ताव २००४ मध्येच मांडला होता. हल्ल्यानं फार तर वेग दिला. तारखा ओळीनं मांडल्या की अशी चूक लगेच दिसते.

तेव्हा उद्या तुम्ही ‘भारतीय लोक वरिष्ठांचं ऐकतात, म्हणून ओटीपी देऊन बसतात’ असं लिहायला घ्याल, तेव्हा जरा थांबा. कोणते लोक, कोणत्या साली, कोणाच्या धाकानं, हे आधी शोधा. त्याचं उत्तर मिळालं की बहुधा ‘संस्कृती’ हा शब्द खोडावा लागेल, आणि तुमचा खरा संशोधनप्रश्न तिथे सापडेल.