गार पाण्याची उकळी

परवा रविवारी दादाच्या नातवाचा न्यूझीलंडहून फोन आला. तो तिकडे नोकरीला असतो. मित्रांबरोबर भागीत एक जुनी जेट बोट घेतली आहे म्हणे. "आबा, इंजिन नुसतं ओरडतं, बोट काही पुढे सरकत नाही. जोर वाढवला की आणखीच मंदावते. आणि खालून असा आवाज येतो, की कुणी डब्यात खडे घालून हलवतंय."

मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं. मला बोटीतलं काय कळणार! पण तो आवाज मी ओळखला. कसा, ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण जुनी सवय जात नाही.

चार्ल्स पार्सन्स नावाचा इंजिनिअर इंग्लंडात होऊन गेला. वडील मोठे खगोलशास्त्रज्ञ, आयर्लंडमधले उमराव. या चिरंजीवांनी १८८४ साली वाफेवर फिरणारी टर्बाइन तयार केली, आणि दहा वर्षांनी ती बसवून 'टर्बिनिया' नावाची बोट बांधली. लांबी शंभर फुटांहून थोडी जास्त, रुंदी जेमतेम नऊ फूट. जगातली सगळ्यात वेगवान बोट होणार अशी त्यांची खात्री होती. पण पाण्यात उतरवल्यावर ती २० नॉटदेखील गाठेना. पंखे बदलून पाहिले, एकाच दांड्यावर तीन पंखे लावून पाहिले. छे!

दुसरा कुणी असता तर इंजिनाला शिव्या देत बसला असता. पार्सन्सनी आधी दांड्यावर पडणारा पीळ मोजायचं साधन केलं. इंजिन आपली ताकद पुरेपूर देत होतं. मग ती जात कुठे होती? पंख्याशी, पाण्यात!

आपण चहाचं आधण ठेवतो, तेव्हा उकळी फुटायच्या आधी पातेलं सूं सूं करतं ना? तळाशी वाफेचे बुडबुडे होतात आणि वरच्या गार पाण्यात शिरताच मिटतात, त्याचा तो आवाज. आता गंमत अशी, की पाणी उकळायला उष्णताच लागते असं नाही. दाब उतरला तरी ते उकळतं. (उंच डोंगरावर डाळ लवकर शिजत नाही, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं.) पंखा फार जोरात फिरला, की पात्याच्या एका बाजूचा दाब इतका उतरतो की गार पाण्याचीही तिथल्या तिथे वाफ होते. पंख्याला ढकलायला पाणीच उरत नाही, तो पोकळीत भिरभिरतो. इंग्लंडच्या 'डेअरिंग' या युद्धनौकेचं त्याच सुमारास असंच झालं होतं. पात्यांचं क्षेत्रफळ वाढवलं, तेव्हा कुठे ती ठरलेल्या वेगाला पोचली. या प्रकाराला 'कॅव्हिटेशन' हे नाव रॉबर्ट फ्रूड यांनी सुचवलं.

पार्सन्सना मात्र हे डोळ्यांनी बघायचं होतं. १८९५ साली त्यांनी तांब्याचा एक बंद, वळसा घेणारा पाट केला, त्याला काचेची खिडकी ठेवली आणि आत दोन इंची पंखा बसवला. पाणी उकळायच्या बेताला आणलं, म्हणजे कमी वेगातही बुडबुडे दिसावेत! मग फिरत्या पंख्यावर लखकन उजेड पाडून पाहिलं. पुढच्या वर्षी 'टर्बिनिया'त एकाऐवजी तीन टर्बाइन, तीन दांडे, प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे आले. भार वाटला गेला. २६ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवात स्पिटहेडला आरमाराची पाहणी होती. तिथे युद्धनौकांच्या रांगांमधून ही चिमुकली बोट सुसाट गेली. त्या वर्षी तिने ३४ नॉट, म्हणजे ताशी ६३ किलोमीटर गाठले होते.

बुडबुडे मिटताना हातोड्यासारखा घाव बसतो आणि धातूला खड्डे पडतात. त्याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं.

जेट बोट याच्या बरीच नंतरची. न्यूझीलंडच्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांत बाहेरचा पंखा टिकेना, म्हणून बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात तो बोटीच्या पोटात नळीत बसवला. तळातून पाणी ओढायचं आणि मागे फेकायचं. १९७७ साली एडमंड हिलरी अशाच बोटींतून गंगासागरहून थेट नंदप्रयागपर्यंत गेले होते, आमच्या पिढीला आठवत असेल. पण पंखा पोटात घेतला म्हणून दुखणं टळत नाही. तळाच्या जाळीला शेवाळ, फांद्या अडकल्या, किंवा गोट्यांनी पात्याची कड ठेचली, की पाणी कमी पडतं आणि उकळी सुरू.

म्हणून नातवाला म्हटलं, जोर वाढवू नकोस, कमी कर. मग बोट काठाला घे, इंजिन बंद कर आणि जाळी बघ.

आता, मला हे कुठून माहीत? १९८३ च्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी खूप खोल गेलं. कठड्यावरचा पंप असाच खडे वाजवायला लागला आणि पाणी चिळकांड्यांनी यायला लागलं. शिकलेला भाऊ म्हणून दादाने मला विचारलं. मी ठणकावून सांगितलं, "मोटार कमी पडतेय. तीनची काढ, पाचची बसव." दादाने सोसायटीचं कर्ज काढून पंप आणि मोटार दोन्ही नवीन बसवले. आवाज दुप्पट झाला. पुढच्या हंगामात फिटरने पंप उघडला, तर पंखा वाळवी लागल्यासारखा. तो हसून म्हणाला, "गुरुजी, पंप एवढ्या खोलून पाणी ओढणार कसा? त्याला खाली न्या." विहिरीत बारा फूट खाली पंप नेला, फूटव्हॉल्व्हची जाळी साफ केली, आणि अडगळीत टाकलेली जुनी तीनचीच मोटार जोडली. पाटात पाणी धो धो आलं. कर्ज फेडायला दादाला चार वर्षं लागली. मला त्याने कधी एका शब्दाने विचारलं नाही.

मंगळवारी नातवाचा निरोप आला. जाळीत शेवाळाचा गुंता होता, आणि एक गोटा. बोट चालते आहे. मी त्याला आजोबांच्या पंपाची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली, तर म्हणाला, "तो पंखा अजून गोठ्यात खुंटीला आहे, लहानपणी आम्ही त्याच्याशी खेळायचो." काल पुतण्याने त्याचा फोटो पाठवला. चष्मा लावून पाहिला. पात्यांना आरपार पाच भोकं आहेत.