देवी टोचण्यापासून दोन थेंबांपर्यंत

ज्यांच्या दंडावर देवी टोचल्याचे वण आहेत अशीं वडील माणसें आपल्या घरोघरीं अद्याप आहेत. नव्या लशीचें नांव निघालें म्हणजे त्यांतलींच कांहीं मान फिरवितात, आणि शिकलेल्या मुलांना त्याचा राग येतो. राग येण्यापूर्वीं त्या वणामागचा इतिहास थोडा आठवावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

इंग्लंडांत एडवर्ड जेन्नर यानें 1796 सालीं गाईच्या देवीची लस प्रथम टोचून पाहिली. ती बगदाद-बसऱ्यावरून मुंबईस पोंचली, आणि 14 जून 1802 रोजीं अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती यशस्वी रीतीनें टोचण्यांत आली. हिंदुस्थानांतली ही पहिली लस. त्या काळीं लस फार दिवस साठवून ठेवणें कठीण असे. म्हणून टोचलेल्या मुलाच्या दंडावर फोड भरला, म्हणजे त्यांतला द्रव काढून दुसऱ्या मुलाच्या दंडावर लावीत. एका आईला आपल्या मुलाचा फोड फोडूं देण्याची भीति, तर दुसरीला परक्याच्या अंगचें पाणी आपल्या मुलाच्या अंगांत जाण्याची. त्यांतून रोग तरी कसा? साक्षात् देवीचें येणें! तिच्या कामांत माणसानें हात कसा घालावा? आपल्या भाषेनें यांतून मोठ्या खुबीनें वाट काढली. देवीला दूर न लोटतां तिनें लशीलाच ‘देवी टोचणें’, ‘देवी काढणें’ असें म्हटलें, आणि भीतीच्याच शब्दांतून उपाय घरांत शिरला. 1975 सालीं हिंदुस्थानांतून आणि 1980 पर्यंत साऱ्या जगांतून हा रोग नाहींसा झाला.

पुढें 1896 सालीं मुंबईंत प्लेग आला. वाल्डेमार हाफकीन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत कांहीं महिन्यांतच प्लेगची लस तयार केली, आणि 10 जानेवारी 1897 रोजीं ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, दुखलें. लवकरच विशींतले तरुण आगाखान यांनीं आपल्या अनुयायांसमक्ष दंड पुढें केला, आणि मुंबईंतील खोजा समाजाच्या हजारों माणसांनीं त्यांचें अनुकरण केलें. त्याच साली पुण्यास दुसरा मार्ग चालला होता. रँड साहेबांचे सोजीर घराघरांत शिरून रोगी हुडकीत होते. त्याचा शेवट 22 जूनच्या रात्रीं गोळ्या झाडण्यांत झाला. रोग एकच, पण एकीकडे माणसानें आधीं आपला दंड उघडा केला, आणि दुसरीकडे दुसऱ्याचें दार फोडलें. लोकांनीं कोणावर विश्वास ठेवावा?

तथापि विश्वास बसला तरी तो एका चुकीनें डळमळतो, हेंहि खरें आहे. 1902 सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं, हल्लीं हें गांव पाकिस्तानांत आहे, प्लेगची लस टोचलेलीं 19 माणसें धनुर्वातानें दगावलीं. ठपका हाफकीन यांच्यावर आला. बाटली उघडतांना झालेल्या हलगर्जीपणाकडे बोट गेलें, आणि त्यांचें नांव निष्कलंक ठरलें, तें 1907 सालीं. मुंबईच्या संशोधनसंस्थेस त्यांचें नांव मिळालें, तें 1925 सालीं.

असाच प्रसंग आपल्या यवतमाळ जिल्ह्यावर आला. 31 जानेवारी 2021 हा पोलिओच्या थेंबांचा दिवस. घाटंजी तालुक्यांतील कापसी-कोपरी येथें पांच वर्षांखालील 12 मुलांना थेंबांऐवजीं हात निर्जंतुक करण्याचें सॅनिटायझर पाजलें गेलें. मुलांना यवतमाळच्या सरकारी रुग्णालयांत ठेवावें लागलें. सुदैवानें तीं सर्व बरीं झालीं. दोष थेंबांचा नव्हता; ते तर मुलांच्या पोटांत गेलेच नव्हते. याच थेंबांमुळें 2011 नंतर देशांत नैसर्गिक पोलिओचा रोगी आढळला नाहीं. पण वेळ पाहा. 16 जानेवारीस कोरोनाची लस देशांत सुरू झालेली, 1 मार्चला साठीवरच्या माणसांची पाळी येणार, आणि मधल्या फेब्रुवारींत जिल्ह्यांत आजारानें पुन्हां डोकें वर काढलेलें. अशा वेळीं एखाद्या आजीनें ‘बाटलींत काय आहे तें पाहिलें कोणी?’ असें विचारलें, तर तो प्रश्न वेडगळ म्हणतां येईल काय?

म्हणून घरांत बोलावयाचें तें या इतिहासाचें भान ठेवून. सुनेनें सासूबाईंना ‘आई, तुम्हांला नेमकी कशाची भीति वाटते?’ असें विचारावें, आणि उत्तर पुरतें ऐकून घ्यावें. कोणाला तापाची भीति असते, कोणाला जुन्या दुखण्याची. एखादीचें म्हणणें एवढेंच असतें कीं, ‘माझें आतां वय झालें, लस लेंकरांना द्या.’ तिला सांगावें कीं, कोरोनासारखा आजार म्हातारपणींच अधिक जड जातो. जुनें दुखणें असेल तर नेहमींच्या डॉक्टरांना दोघींनीं मिळून विचारावें. ‘कांहीं होत नाहीं’ असें मात्र सांगूं नये. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. क्वचित् एखाद्याला अधिक त्रास होतो, म्हणूनच टोचल्यावर थोडा वेळ तेथेंच बसवितात, हें आधींच सांगावें. तसें न सांगतां रात्रीं ताप आला, तर दुसऱ्या दिवशीं आपल्या शब्दाला किंमत उरत नाहीं. चूक कोठें झाली असेल, तर ती चूक म्हणावी. बाटलीवरचें नांव विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. आणि आपली पाळी आधीं असेल, तर आधीं आपला दंड पुढें करावा.

आणि मग एके दिवशीं, राग बाजूस ठेवून, त्यांच्या दंडावरच्या वणाविषयीं विचारावें. तो वण बहुधा त्यांना आठवत नसतो, इतक्या त्या लहान होत्या. पण त्या दिवशीं त्यांच्या आईनें छातीवर दगड ठेवून रडतें मूल टोचणाऱ्यापुढें धरलें होतें. तिलाहि भीति वाटलीच असेल.