सातवा सरताना लॉकडाऊन

मंगळवार, २४ मार्च २०२०. रात्रीचे आठ वाजलेत. तुम्ही लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आहात. तुम्ही पुरुष असाल किंवा साठी ओलांडलेली असेल, तरी या प्रवासात तुमचं वय सत्तावीस आहे. तुम्ही पहिलटकरीण आहात आणि सातवा सरत आलाय. मध्यरात्रीपासून एकवीस दिवस सगळा देश बंद, असं पंतप्रधान टीव्हीवर सांगताहेत. तुमची नजर कोपऱ्यातल्या भरलेल्या बॅगेवर जाते. येत्या रविवारी डोहाळजेवण होतं आणि मग लगेच साताऱ्याला माहेरी जायचं होतं. पण जिल्ह्यांच्या सीमा कालच बंद झाल्यात. आईला फोन लावता, तर आधी कॉलर ट्यूनमधला तो खोकला ऐकू येतो, मग हात धुण्याची सूचना आणि त्यानंतर आईचा आवाज. "रडू नकोस गं, बाळावर परिणाम होतो." तुम्ही डोळे पुसता आणि त्या क्षणापासून रडायचीही चोरी होते.

आता २० एप्रिल. नवरा बेस्टमध्ये ड्रायव्हर आहे. अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी बस चालू आहेत, त्यामुळे त्याला रोज कामावर जावंच लागतं. आला की थेट मोरीत जाऊन अंघोळ करतो आणि रात्री गॅलरीत झोपतो. सासूबाई दारातून ताट सरकवतात. खोली दहा बाय बाराची, पण तुमच्याजवळ कुणी बसत नाही.

संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. पोट खाली उतरलंय, रात्रीतून चार-पाचदा उठावं लागतं. प्रत्येक वेळी मास्क लावायचा, कोपराने दार ढकलायचं, श्वास रोखून आत जायचं, येऊन कोपरापर्यंत साबण लावायचा. हाताची कातडी सोलवटलीय. जायलाच नको म्हणून तुम्ही संध्याकाळनंतर पाणी प्यायचं बंद करता. फोनवर डॉक्टर विचारतात, "पाणी भरपूर पिताय ना?" तुम्ही हो म्हणता.

पहाटे तीनला जाग येते ती येतेच. बाळ हललं का, हे पोटावर हात ठेवून पुन्हा पुन्हा पाहता. हललं की हायसं वाटतं, पण दहा मिनिटांनी परत तेच. व्हॉट्सॲपवर आलेला एक व्हिडिओ मिटवता, तोवर दुसरा येतो. हे कुणाला सांगावं? अशा दिवसांत वाईट विचार करू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. मग भीती वाटते ती वाटतेच, वर भीती वाटल्याचा अपराधही स्वतःच्याच माथी मारून घेता.

मे महिन्याचा तिसरा आठवडा. तुमची चाळ कंटेनमेंट झोनमध्ये आहे. अशा वस्तीतल्या, पाच दिवसांत बाळंत होण्याची शक्यता असलेल्या बाईची लक्षणं नसली तरी तपासणी करावी, असं आयसीएमआरने एप्रिलमध्येच सांगितलंय. तुमचा अहवाल पॉझिटिव्ह येतो. ना ताप, ना खोकला. तरीही पीपीई घातलेली माणसं तुम्हाला न्यायला येतात, तेव्हा अख्खी चाळ गॅलरीत उभी राहून पाहते. मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय महापालिकेने एप्रिलमध्ये कोविडसाठी राखून ठेवलंय. तिथे तुमच्यासारख्या कितीतरी जणी आहेत. नातेवाइकांना आत प्रवेश नाही.

कळा सुरू होतात. समोरच्या नर्सचा चेहरा दिसत नाही, गॉगलवर वाफ धरलीय. छातीवर मार्करने तिचं नाव लिहिलंय. ते तुम्ही वाचता आणि तिला नावाने ताई म्हणून हाक मारता. ती दोन-दोन हातमोजे घातलेला हात पुढे करते. कळ ओसरेपर्यंत तुम्ही तो सोडत नाही. बाळंतपणात स्वतःच्या पसंतीचं माणूस सोबत असावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस साथीच्या आधीपासूनची आहे. सतत सोबत मिळाली की कळांचा काळ कमी होतो, सिझेरियनही कमी होतात, असं अभ्यास सांगतात. साथीत सगळ्यात आधी गेली ती हीच सोबत. बाळ सुखरूप आहे. मास्क लावून, हात धुऊन अंगावर पाजायला हरकत नाही, हेही संघटनेने सांगितलंय. तरी बाळाला जवळ घेताना तुमचे हात कापतात.

जुलै उजाडतो. सव्वा महिना झाला. बारसं व्हिडिओ कॉलवर उरकलं. मालिशवाली बाई आली नाही, आईही आली नाही. तपासणीत बाळाचं वजन विचारतात, टाके विचारतात. तुम्हाला हसू येईनासं झालंय, हे कुणीच विचारत नाही.

काळ थोडा पुढे सरकवा. एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. या वेळी जाऊबाईंना दिवस गेलेत. मुंबईच्या परळमधल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या 'प्रेगकोविड' नोंदींत पहिल्या लाटेत बाधित गरोदर आणि बाळंतिणींचा मृत्युदर ०.७ टक्के होता. दुसऱ्या लाटेत तो ५.७ टक्क्यांवर गेला. देशात लसीकरण जानेवारीतच सुरू झालं, पण गरोदर स्त्रियांना परवानगी मिळाली २ जुलैला. तोवर जाऊबाईंनी रोज बातम्या पाहत दिवस ढकलले.

आता परत या. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो, की साथीच्या काळात साधारण दर चौथ्या गरोदर स्त्रीत नैराश्याची लक्षणं होती आणि चिंतेची त्याहून जास्त. पण हे दुखणं कोरोनाने आणलेलं नाही. भारतातल्या बाळंतिणींत नैराश्याचं प्रमाण साथीच्या आधीही सुमारे २२ टक्के होतं. साथीने त्यांच्याभोवतीचं माहेर, शेजार आणि सोबत काढून घेतली, तेव्हा ही माणसंच मनाला धरून होती हे उघड झालं.

विचारणं अवघड नाही. १९८७ पासून एडिनबरा प्रश्नावली उपलब्ध आहे: गेल्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न. हसता येतं का, विनाकारण भीती वाटते का, उगाच स्वतःला दोष देता का, स्वतःला इजा करावीशी वाटते का. चहा संपायच्या आत विचारून होतात. उत्तर काळजीचं निघालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं.

म्हणून गरोदरपणाच्या कार्डावर वजन, बीपी, हिमोग्लोबिनशेजारी मनाचाही रकाना हवा आणि तो प्रत्येक तपासणीत भरला गेला पाहिजे. पुढची साथ आली तर प्रसूतिगृहात एका माणसाची सोबत आधी वाचवावी. त्या माणसाला पीपीई द्यावं, पण दाराबाहेर ठेवू नये. आणि घरात कुणी गरोदर असेल तर "आनंदी राहा" हा सल्ला देऊ नका. "आज कसं वाटतंय?" असं विचारा आणि "बरं नाही" हे उत्तर आलं तर ऐकायला थांबा.