गढूळ पाणी कोणाचं?

हावडा-मुंबई लोहमार्गावर दरेकसा सोडून डोंगरगडकडे निघालं की पुढचं स्टेशन येतं बोरतलाव. महाराष्ट्र संपतो, पण तलाव काही संपत नाहीत. दरेकसा आपल्याला माहीत असतं ते माघ पौर्णिमेच्या कचारगड यात्रेमुळे. मला मात्र वाटतं, हा सगळा मुलूख समजून घ्यायचा तर आषाढात यावं. तेव्हा तलाव तुडुंब असतात, पाणी चहासारखं गढूळ असतं, आणि त्या पाण्यात मासे प्रवाहाच्या उलट चढत असतात.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने त्यातले कितीतरी बांधले. जो तलाव बांधेल, त्याला त्याखालची जमीन, असा तो व्यवहार. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडुम, जादा पाण्याला सांडवा आणि खाली धानाची बांधी. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवी.

पण ती धानाची गोष्ट झाली. माशांची गोष्ट ढिवरांकडे आहे. 1916 साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे ग्रंथ काढले. त्यात हा समाज मासेमारी करणारा, पाणी वाहणारा, पालखी उचलणारा, शिंगाडा लावणारा म्हणून येतो. कामांची यादी आहे, ज्ञानाची नाही. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो. मासा कुठे असेल हे गवतावरून, पाण्याच्या ओढीवरून ओळखावं लागतं. नव्या पाण्याने उथळ काठावरचं गवत बुडालं की अनेक गावठी मासे तिथे अंडी घालायला येतात. मरळ तर पिल्लांची राखणही करते. म्हणजे तलावाचा सगळ्यात उथळ, सगळ्यात निरुपयोगी वाटणारा काठ हीच माशांची बाळंतिणीची खोली.

या इतिहासाला दोन वळणं लागली. पहिलं 1950 च्या कायद्याचं. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजार जुलमी असेल, पण पाळ फुटली तर त्याचंच धान बुडायचं. आता मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, आणि मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थांकडे. पाणी एकाचं, मासे दुसऱ्याचे, गाळ मात्र कोणाचाच नाही.

दुसरं वळण 10 जुलै 1957 चं. त्या दिवशी ओडिशात आणखी एका हिरालालने, डॉ. हिरालाल चौधरी यांनी, संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं. रोहू, कतला, मृगळ यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. साचलेल्या तलावात ते वाढतात, पण वीत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांचं बीज नदीतून आणावं लागे. आता ते केंद्रात तयार होऊ लागलं. उत्पन्न वाढलं, देशाला मासे मिळाले. हा शोध मी कमी लेखत नाही. पण बीज विकत मिळू लागल्यावर बुडालेल्या गवताची किंमत शून्य झाली. काठावर अतिक्रमण आलं, बेशरमची झुडपं माजली, आणि गावठी मासे कमी झाले.

अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर बायका-पुरुषांनी ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’सोबत उलटं काम सुरू केलं. बेशरम उपटली, तलावात देशी पाणवनस्पती लावल्या. यादीत न आलेलं ज्ञान अखेर कामाला आलं. मासे परतू लागले.

आज मालगुजारी तलावांच्या दुरुस्तीत गाळ काढून खोली वाढवण्यावरच सगळा भर असतो. धानाला ते हवंच. पण सगळाच काठ खोल खणला, तर आषाढात चढून आलेली मरळ अंडी कुठे घालणार? हा प्रश्न आराखड्याच्या आधी ढिवरांना विचारायला हवा.