टेलिफोनच्या जाळ्यांतील ‘ध’चा ‘मा’

विहिरींतील गाळ काढावयाचा असला म्हणजे आधीं पाणी उपसावें लागतें. देवळाच्या शिखराची डागडुजी करावयाची तर परांच्या बांधून कांहीं दिवस दर्शनाची वाट वळवावी लागते. जुन्या जगांतील बहुतेक दुरुस्त्या अशा थांबून करण्याच्या असत. टेलिफोनच्या जाळ्यास ही सवड कधींच मिळाली नाहीं. तें रात्रंदिवस चालू राहतें, आणि त्यांत जो फेरफार करावयाचा तो तें चालत असतांनाच करावा लागतो. ह्या अडचणीलाहि एक इतिहास आहे, आणि त्यांतील सर्वांत विचार करण्याजोगें प्रकरण अमेरिकेंत १९९० सालच्या जानेवारींत घडलें. तें समजून घेण्यास यंत्रशास्त्राचें ज्ञान लागत नाहीं. थोडें सावकाश वाचावें लागतें, इतकेंच.

पूर्वपीठिका थोडक्यांत सांगूं. स्वयंचलित टेलिफोन-स्विचाचें पेटंट कॅन्सस सिटींतील आल्मन स्ट्रौजर ह्या प्रेतसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थास १८९१ सालीं मिळालें, व पुढील वर्षीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट येथें तशा तऱ्हेचें पहिलें सार्वजनिक एक्स्चेंज सुरू झालें. कोणाची तार कोणास जोडावयाची हें ज्ञान त्या यंत्राच्या चाकांत आणि दांत्यांत सांठविलेलें असे. त्यांत बदल करणें म्हणजे पेंचकस आणि पकड घेऊन बसणें. पुढें १९६५ सालीं न्यू जर्सींतील सक्कासना येथें बेल कंपनीनें जें नवें एक्स्चेंज उघडलें, त्यांत हें ज्ञान धातूंतून निघून लेखांत शिरलें. काय करावें ह्याच्या आज्ञा क्रमवार लिहून यंत्राच्या स्मरणांत ठेवावयाच्या, आणि यंत्रानें त्या वाचून वागावयाचें, अशी ती योजना होती. ह्या आज्ञावलीसच आज आपण सॉफ्टवेअर म्हणतों. यंत्र न उघडतां त्याचा स्वभाव पालटतां येऊं लागला, ही सोय फार मोठी होती. तथापि तिच्याबरोबर एक गोष्ट आली, ती त्या वेळीं फारशी कोणाच्या मनांत आली नसावी. लोखंडाचें चाक झिजतें तें एका गांवचें झिजतें. लेखांतील चूक मात्र जितक्या नकला तितक्या ठिकाणीं एकदम वसते.

आमच्या वाङ्मयांत ह्याच्या उलट स्थिति होती. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातांनीं उतरल्या जात, आणि प्रत्येक लेखकाच्या चुका वेगवेगळ्या असत. म्हणूनच शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांस अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध करणें शक्य झालें. एकीचें चुकलें तें दुसरीनें सांगितलें. सर्वच पोथ्या अक्षरशः एका चुकीच्या असत्या तर नाथांनीं तरी काय करावें!

एटी अँड टी कंपनीच्या दूर अंतराच्या जाळ्यांत १९९० सालीं असे ११४ मोठे स्विच होते. त्या जातीचा पहिला स्विच शिकागोस १९७६ सालीं बसला होता. ह्या सर्वांवर न्यू जर्सींतील बेडमिन्स्टर येथील केंद्रांतून देखरेख चाले. तेथें भिंतभर पडदे लावलेले असून देशांतील कोणता मार्ग मोकळा व कोणता तुंबलेला हें त्यांवर दिसे. स्विच एकमेकांस जे निरोप देत, ते बोलण्याच्या तारेवरून न जातां निराळ्या वाटेनें जात. पूर्वीं दोन्ही एकाच तारेवरून जात असतां २६०० कंपनांच्या एका शिटीनें टेलिफोनला फसवून फुकट बोलणारे लोक निघाले होते. त्यांचा बंदोबस्त ह्या निराळ्या वाटेनें झाला.

ह्या स्विचांस शेजारधर्म शिकविलेला होता. एखाद्यास किरकोळ विकार झाला तर त्यानें शेजाऱ्यांस ‘तूर्त माझ्याकडे कॉल पाठवूं नका’ असा निरोप द्यावा, चार-सहा सेकंदांत स्वतःस पुन्हां मांडून घ्यावें, आणि कामास लागावें. जुन्या आज्ञावलींत बरें झाल्यावर ‘मी आलों’ असाहि निरोप देण्याची चाल होती. १९८९ च्या डिसेंबरच्या मध्यास जी सुधारलेली आज्ञावली बसविली, तिनें काम जलद व्हावें म्हणून हा उपचार गाळला. बऱ्या झालेल्या स्विचाकडून नवा कॉल आला कीं तो उठला असें शेजाऱ्यानें समजावें, व आपल्या वहींत तशी नोंद करावी. हेतु उत्तम होता. महिनाभर सर्व सुरळीत चाललेंहि.

१५ जानेवारी हा सोमवार असून मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या जयंतीची सुटी होती. दुपारीं सुमारें २ वाजून २५ मिनिटांनीं न्यूयॉर्कमधील एका स्विचास असाच किरकोळ विकार झाला. त्यानें निरोप दिला, स्वतःस सांवरलें, आणि कॉल पाठविण्यास आरंभ केला. शेजारी ‘हा उठला’ अशी नोंद करीत असतांनाच, सेकंदाच्या शतांश भागाच्या आंत, त्याजकडून दुसरा कॉल येऊन थडकला. नव्या आज्ञावलींतील दोषामुळें ह्या घाईंत शेजाऱ्याची वही बिघडली. ती बिघडली हें ओळखून त्यानें शिकविल्याप्रमाणें काम थांबविलें आणि राखीव संगणकाकडे कारभार सोंपविला. पण राखीवाच्या स्मरणांतहि तीच आज्ञावली होती, म्हणून त्याचीहि तीच गत झाली. मग ह्यानें आपल्या शेजाऱ्यांस निरोप दिला, सांवरला, कॉल पाठविले, आणि रोग पुढें सरकला. बेडमिन्स्टरच्या पडद्यांवर तांबड्या खुणा पसरत गेल्या. जो स्विच उठे तोच दुसऱ्यास निजवी, आणि निजलेला उठून त्यास पुन्हां निजवी. ह्यांत एकहि यंत्र मोडलें नव्हतें, हें विशेष. प्रत्येक जण आपापलें कर्तव्य चोख बजावीत होता, आणि त्या कर्तव्यदक्षतेच्याच वाटेनें सांथ चालली होती.

हें सुमारें ९ तास चाललें. सुमारें ७ कोटि कॉल पोंचले नाहींत, आणि कंपनीचें नुकसान ६ कोटि डॉलरांहून अधिक झालें. तंत्रज्ञांनीं निरोपांच्या वाटेवरील गर्दी कमी केली. गर्दी कमी झाली तसे दोन कॉल इतके लगत येईनासे झाले, आणि रात्रीं साडेअकराच्या सुमारास जाळें शांत झालें. मागाहून जुनी आज्ञावली परत बसविण्यांत आली. जुनी पोथी जपून ठेविली होती म्हणून ती कामास आली.

दोष काय होता? आज्ञावली ‘सी’ नांवाच्या भाषेंत लिहिलेली होती, आणि ही भाषा ह्याच कंपनीच्या बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची ह्यांनीं निर्माण केलेली. तींत ‘ब्रेक’ अशी एक आज्ञा आहे. तिचा अर्थ ‘येथून बाहेर पड’. परंतु कोठून बाहेर? लिहिणाऱ्याचा हेतु माजघरांतून ओसरीवर येण्याचा होता. भाषेच्या नियमाप्रमाणें मात्र ती आज्ञा वाड्याच्याच बाहेर नेत होती. त्यामुळें ओसरीवर करावयाचें काम राहून गेलें. व्याकरणदृष्ट्या वाक्य शुद्ध असल्यानें यंत्रास त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं.

कंपनीच्या अध्यक्षांनीं दोष आपल्याच आज्ञावलीचा असल्याचें मान्य केलें, आणि १४ फेब्रुवारीस ग्राहकांना सवलतीच्या दरानें बोलूं दिलें. ह्याबद्दल त्यांची वाखाणणी केली पाहिजे. परंतु हें काम कोणा तरी चोराचें असावें असा संशय पुष्कळांच्या मनांत आला, तो सहजीं गेला नाहीं. त्याच सालीं संगणकांत चोरून शिरणाऱ्या तरुणांविरुद्ध मोठी धरपकड झाली. एका दुसऱ्या टेलिफोन कंपनीचा एक कागद छापल्याबद्दल मिसुरी येथील एका विद्यार्थ्यावर खटला भरण्यांत आला. त्या कागदाची किंमत ७९,४४९ डॉलर सांगितली होती. तशीच माहिती ती कंपनी १३ डॉलरांस कोणासहि विकते असें कोर्टांत निघालें, आणि जुलैंत सरकारनें खटला सोडून दिला. चोर सांपडला कीं मनास स्वस्थता वाटते. चोर नसून आपल्याच पोथींतील एक शब्द आहे, ही गोष्ट पचण्यास जड जाते. ह्यांत अमेरिकेसच नांवें ठेवण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

पुढील वर्षीं तर आमच्या इतिहासांतील आख्यायिकेची आठवण व्हावी असा प्रकार घडला. जून १९९१ च्या अखेरीपासून वॉशिंग्टन, लॉस एंजल्स, पिट्सबर्ग इत्यादि ठिकाणचे टेलिफोन एकामागून एक बंद पडले. २६ जूनच्या एकाच दिवशीं वॉशिंग्टन व आसपासच्या संस्थानांतील सुमारें ६७ लाख जोडण्या मुक्या झाल्या. निरोप वाहणारीं हीं यंत्रें टेक्ससमधील डीएससी कंपनीचीं होतीं. तिनें लक्षावधि ओळींच्या आज्ञावलींत अवघ्या तीन ओळी बदलल्या होत्या, आणि बदल इतका लहान म्हणून सर्व कसोट्या पुन्हां लावल्या नव्हत्या. ‘डी’ ह्या अक्षराच्या जागीं ‘६’ हा अंक पडला होता! नारायणराव पेशव्यांच्या वधाच्या वेळीं, १७७३ सालीं, चिठ्ठींतील ‘धरावें’चें ‘मारावें’ झालें असें सांगतात. त्या गोष्टींत ‘ध’चा ‘मा’ कोणी तरी बुद्ध्या केला. येथें तो कोणीच केला नव्हता, आणि म्हणून अधिक भयंकर वाटतो.

त्यानंतर अमेरिकेंत मोठे बिघाड सरकारास कळविण्याचा नियम झाला, आणि नवी आवृत्ति बसविण्याच्या रीती पुष्कळ कडक झाल्या. थोड्या यंत्रांवर ती आधीं चालवून पाहावी, टप्प्याटप्प्यानें पुढें जावें, परतीची वाट मोकळी ठेवावी, हें आतां सर्वमान्य आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनींत तर चालू कामांत खंड न पाडतां जुनी व नवी आज्ञा कांहीं काळ शेजारीं शेजारीं नांदूं देणारी भाषाच तयार झाली. टेलिफोनच्या गर्दीचें गणित मांडणाऱ्या डॅनिश पंडिताचें, एर्लांगचें, नांव तिला देण्यांत आलें.

तरीहि ८ जुलै २०२२ रोजीं पहाटें कॅनडांत रॉजर्स कंपनीचें जाळें कोसळलें तें सुधारणेच्या कामांतच. सात टप्प्यांपैकीं पांच सुखरूप पार पडले होते. सहाव्यांत, कोणत्या मार्गांची माहिती पुढें जाऊं द्यावी हें ठरविणारी एक गाळणी काढली गेली, आणि माहितीच्या लोंढ्याखालीं मधलीं यंत्रें गुदमरलीं. एक कोटि वीस लाखांवर ग्राहकांचा संपर्क तुटला. दुकानांतील कार्डावरचे व्यवहार अडले, आणि कित्येकांस संकटकाळीं मदतहि बोलावतां येईना. स्वतंत्र चौकशीच्या २०२४ सालच्या अहवालांत दोन गोष्टी आहेत. पहिली ही कीं, आरंभीं ह्या कामाचा धोका ‘मोठा’ म्हणून नोंदला होता. आधींचे टप्पे निर्विघ्न गेले म्हणून कागदोपत्रीं तो ‘लहान’ करण्यांत आला. दुसरी ही कीं, जाळ्याची देखरेख करण्याची वाटहि त्याच जाळ्यांतून जात होती. जाळें पडलें तेव्हां देखरेख करणारे आंधळे झाले, आणि त्यांचे स्वतःचे टेलिफोनहि त्याच कंपनीचे असल्यानें एकमेकांस हांक मारणेंहि त्यांस कठीण गेलें. त्यानंतर कंपनीनें देखरेखीसाठीं निराळें जाळें उभारण्याचें काम हातीं घेतलें.